सेक्शन ८ घरभाडे व्हाउचर: हाती पडलं तर मोठा आधार

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना अर्ज भरून देणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. ‘सेक्शन ८’ व्हाउचर, म्हणजे घरभाड्यासाठीची सरकारी मदत, मी स्वतः वापरलेलं नाही, पण त्याच्या प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या ना कुणाच्या शेजारी बसलेली आहे. त्या अनुभवावरून हा अभिप्राय.

योजना १९७४ च्या कायद्यातली. घर आपणच खासगी बाजारात शोधायचं. उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं आपण भरायचं, बाकीचं स्थानिक गृहनिर्माण कार्यालय थेट घरमालकाला देतं. पैसा केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याचा. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कमाई घटली की आपला हिस्साही घटतो. एका बाईंचे कामाचे तास निम्म्यावर आले. त्यांनी पगाराच्या पावत्या दिल्या, हिशेब नव्याने झाला आणि घर राहिलं. मुलांची शाळाही बदलावी लागली नाही. राहायला जाण्याआधी घराची तपासणी होते, तीही चांगली सोय आहे. वर्षानुवर्षं बंद पडलेला हीटर या तपासणीच्या धाकाने दुरुस्त झालेला मी पाहिला आहे.

आता अडचणी. व्हाउचर मिळालं की घर शोधायला मुदत मिळते किमान ६० दिवसांची. गाडी नाही, दोन पाळ्यांची नोकरी, पदरात लहान मूल. अशा माणसाला दोन महिने म्हणजे काहीच नाहीत. त्यात व्हाउचरचं नाव काढताच फोन ठेवणारे घरमालक. काही राज्यांनी आणि शहरांनी असा नकार बेकायदा ठरवलाय, पण देशभर लागू असा कायदा नाही. शोधून शोधून घर न मिळाल्याने व्हाउचर परत करणारी कुटुंबं बघितली की फार वाईट वाटतं.

व्हाउचरवर चालणाऱ्या भाड्याची कमाल मर्यादा हा दुसरा त्रास. ती पूर्वी अख्ख्या महानगरासाठी एकाच आकड्यावरून ठरायची, त्यामुळे परवडणारी घरं नेमकी गरीब वस्त्यांतच सापडायची. आता बऱ्याच महानगरांत ती पिनकोडनुसार ठरते. ही सुधारणा खरोखर उपयोगाची आहे.

आणि सरकारने या विषयाचा अभ्यास कमी केलाय असंही नाही. १९७० च्या दशकात ग्रीन बे, साउथ बेंड, पिट्सबर्ग, फीनिक्स अशा ठिकाणी खऱ्या कुटुंबांना भाडेभत्ता देऊन प्रयोग झाले. भत्त्यामुळे सगळ्यांचीच भाडी भडकतील ही भीती खरी ठरली नाही. पुढे १९९४ पासून पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांवर दुसरा प्रयोग झाला. काहींना कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असं व्हाउचर दिलं. मोठ्यांची कमाई फारशी वाढली नाही. पण १३ वर्षांच्या आत तिथे राहायला गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष २०१५ मध्ये मांडला.

इतकं हाती असताना पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच केंद्राची भाडेमदत मिळते, हे मला पटत नाही. पात्र ठरलं की मिळालंच, असा हा हक्क नाही. संसद दरवर्षी जेवढा पैसा मंजूर करेल तेवढीच व्हाउचरं. अनेक ठिकाणी प्रतीक्षायादीसुद्धा बंद असते. कागदपत्रं चोख असलेल्या माणसाला ‘नाव नोंदवताच येणार नाही’ असं सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात कठीण भाग. पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि कापलेले तारे निधीच्या तुटवड्याचे आहेत.

ज्यांचा नंबर लागलाय त्यांनी घर शोधताना भेटलेल्या प्रत्येक घरमालकाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. मुदत संपण्याआधी वाढीव वेळ लेखी मागा. कार्यालयाला ती देता येते. घरात कुणी अपंग असेल आणि त्यामुळे शोधाला वेळ लागत असेल, तर तसं अर्जात स्पष्ट लिहा.