सीट-स्विच किट: ड्रायव्हर उतरला की इंजिन बंद, पण वायर तुटली तर?

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणारा शाफ्ट, 540 आरपीएमवर सेकंदाला नऊ फेरे घेतो. उपरण्याचं टोक किंवा पदर शाफ्टला लागला, तर सोडवायला वेळ मिळत नाही. म्हणून ड्रायव्हर सीटवरून उठताच इंजिन बंद करणारं किट जुन्या ट्रॅक्टरला लावून घ्यावं. पण कोणतंही नाही.

आत वस्तू तीनच: सीटखालचा स्विच, टायमर-रिले (ठरल्या वेळाने करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि डिझेल पंपावरचा सोलेनॉइड (करंटने दांडा ओढून डिझेल चालू-बंद करणारा). हाताच्या लिव्हरने लागणारा पीटीओ वायरीने सुटत नाही, म्हणून किट थेट इंजिनच बंद करतं.

खरी परीक्षा सोलेनॉइडची. काहींमध्ये करंट आहे तोवर इंजिन चालतं, काहींमध्ये करंट दिला की बंद होतं. दुसऱ्या प्रकारात उंदराने वायर कुरतडली, फ्यूज उडाला किंवा अर्थिंग गंजली, की किट मेलेलं असतं आणि कुणाला पत्ताही नसतो. पहिल्या प्रकारात तेवढ्यानेच इंजिन थांबतं. रानात खोळंबा होतो, शिव्या बसतात, पण हात शाबूत राहतो. घ्यायचं तर पहिलंच. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून किटचा फ्यूज उपसायचा. इंजिन थांबलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत.

पहिल्या प्रकारालाही एक खोड आहे. दोन कॉइलच्या सोलेनॉइडमध्ये दांडा ओढणारी कॉइल क्षणभर तीस-चाळीस अँपिअर घेते, धरून ठेवणारीला एखादा पुरतो. हा सगळा भार हॉर्नच्या लहान रिलेवर टाकला, तर पॉइंट चिकटतात. मग ड्रायव्हर उतरो की पडो, इंजिन चालूच.

सीटखालचा स्विच चिखलाने दबलेला राहिला तरी तेच. चांगला कंट्रोलर चावी फिरवल्यावर, स्टार्टर देण्याआधी, सीट एकदा रिकामी दिसल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. शेतीयंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचं आयएसओ 25119 हे मानक हे बघतं: इजा किती गंभीर, धोका किती वेळा समोर येतो, माणसाला तो टाळता येतो का. त्यावरून एजीपीएल, म्हणजे सुरक्षा किती भरवशाची हवी याची पातळी, 'ए' ते 'ई' ठरतो. डब्यावर नुसतं 'सेफ्टी' छापलेलं पुरेसं नाही. दुकानदाराला एजीपीएल विचारा. गप्प बसला तर तेही उत्तरच.

ढेकळांवर ड्रायव्हर उसळतो, म्हणून टायमर दोनेक सेकंदांचा हवा. शिवाय पीटीओ लागलेला असेल तरच किट जागं ठेवणारा वेगळा स्विच पीटीओ लिव्हरवर हवाच. तो नसेल तर रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना इंजिन बंद पडू शकतं आणि पॉवर स्टीअरिंग जड होऊन ट्रॅक्टर वळेनासा होतो. बंद पडणं दर वेळी सुरक्षित नसतं.

मळणी यंत्र किंवा पंप चालवताना सीट रिकामीच असते. तिथे टॉगल बटण दिलं, की ते वर्षभर 'बायपास'वरच राहतं. नाहीतर कुणीतरी स्विच डायरेक्ट करतो. त्यापेक्षा दाबायचं बटण बरं: न्यूट्रल आणि हँडब्रेक असेल तरच चालणारं, आणि सीटवर बसताच आपोआप रद्द होणारं.

इंजिन थांबलं तरी रोटाव्हेटरची पाती लगेच थांबत नाहीत. त्यामुळे शाफ्टचं प्लॅस्टिक कव्हर काढून ठेवायची सवय इथे उपयोगाची नाही.

कॉमन-रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनाला हे किट लावू नका. 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 हे धुराचे नियम लागू आहेत. तिथे ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सप्लाय मध्येच तोडण्याऐवजी कंपनीने दिलेल्या इनपुटवरच सीट-स्विच जोडून घ्यावा.