टूल्स एकमेकांना जोडली: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय बंद केलं

आमच्या टीमचं काम गूगल फॉर्म, शीट, ट्रेलो (कामांची कार्डं लावायचा बोर्ड) आणि स्लॅक (टीमचं चॅट) यांत विखुरलेलं. फॉर्मवर मागणी आली की कुणीतरी ती शीटमधून उचलायची, ट्रेलोवर कार्ड करायचं, मग स्लॅकवर सगळ्यांना कळवायचं. ही हमाली संपवायला एक नो-कोड ऑटोमेशन टूल घेतलं, म्हणजे कोड न लिहिता ॲप्स एकमेकांना जोडून कामं आपोआप करणारं. नाव मुद्दाम देत नाही. खालचं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही टूलला लागू पडेल.

निकाल आधीच सांगतो. एकाच दिशेने माहिती नेणारे फ्लो (टूलमध्ये लावून दिलेल्या, आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) आजही बिनबोभाट चालू आहेत. दोन्हीकडून सिंक करणारे जवळपास सगळे बंद केले.

शीटमध्ये स्टेटस बदललं की कार्ड हलावं आणि कार्ड हलवलं की शीट बदलावी, ही कल्पना डेमोमध्ये झकास दिसते. प्रत्यक्षात शीटमुळे कार्ड हललं की कार्डाचा ट्रिगर (फ्लो सुरू करणारी घटना) पेटतो, तो शीटला हात लावतो, की शीटचा ट्रिगर पुन्हा जागा. हे चक्र तोडता येतं: ऑटोमेशनला वेगळं खातं द्यायचं आणि त्या खात्याने केलेला बदल फिल्टरने अडवायचा. पण दोघांनी दोन ठिकाणी एकदमच बदल केला तर खरा कोणाचा, हे आमचं टूल ठरवून देत नाही. आता स्टेटस फक्त ट्रेलोवर बदलतं, शीट वाचण्यापुरती. कुरकुर झाली, पण आठवड्याच्या मीटिंगमधला ‘तुझ्याकडे काय दिसतंय?’ हा प्रश्न गेला.

वेगाबद्दल थोडं. वेबहुक (घटना घडताच ॲपने स्वतःहून टूलला कळवण्याची सोय) असेल तर बातमी लगेच पोचते. नसेल तर टूल ठरावीक अंतराने ‘नवीन काही आलं का’ असं विचारत बसतं, आणि स्वस्त प्लॅनमध्ये हे अंतर मोठं असतं. रोजच्या अहवालाला चालतं, तातडीच्या तक्रारीला नाही. वेबहुक एकच घटना दोनदा पाठवू शकतो, म्हणून कार्ड करण्याआधी मागणीचा क्रमांक शोधून पाहण्याची पायरी टाकाच.

खर्च मोजण्याची रीत प्रत्येकाची वेगळी, तुलना करताना इथेच गोंधळ होतो. झॅपियर, मेक आणि एन-एट-एन (n8n) ही याच वर्गातली टूल्स. झॅपियर यशस्वी झालेल्या कृती मोजतं, ट्रिगर मोजत नाही. मेकमध्ये नवीन काही नसताना केलेली विचारणाही हिशोबात धरली जाते. एन-एट-एनच्या क्लाउडवर फ्लो कितीही पायऱ्यांचा असो, एकदा चालला की एकच मोजला जातो. हे टूल स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं, मात्र मग अपडेट आणि बॅकअप तुमच्या गळ्यात. लांबलचक फ्लो असतील तर हा फरक प्लॅनच्या किमतीपेक्षा मोठा ठरतो.

सगळ्यात जास्त वैताग परवानग्यांचा. जोडणी एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर असते. त्याने पासवर्ड बदलला किंवा टीम सोडली की फ्लो बंद पडू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की आज मागण्याच आल्या नाहीत. म्हणून सगळ्या जोडण्या सामायिक खात्यावर हलवल्या, आणि बिघाडाची सूचना एकाच्या ईमेलऐवजी टीमच्या चॅनेलवर आणली.

टूलच्या वर्गणीचं नूतनीकरण करणार आहोत, पण एक पायरी खालच्या प्लॅनवर. दुतर्फी सिंक गेल्यापासून वरच्याची गरजच उरली नाही.