वक्तृत्वाला कोण: बाजीप्रभू की डॉक्टर कोटणीस?

शाळेतून ‘माझा आवडता युद्धवीर’ असा विषय आला की सोलापुरातल्या बहुतेक घरांत चर्चा होतच नाही. तानाजी नाहीतर बाजीप्रभू, आणि कामाला लागायचं. आमच्याकडे मोठ्याच्या वेळी बाजीप्रभू झाले, धाकटीच्या वेळी डॉक्टर कोटणीस. दोन्ही भाषणं महिनाभर रोज संध्याकाळी ऐकल्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

बाजीप्रभूंची गोष्ट भाषणासाठी जवळजवळ आयती मिळते. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या आषाढातली रात्र, पालखीत शिवा काशीद, मग घोडखिंड. प्रसंग आपला आपण पुढे सरकतो, त्यामुळे पाठांतर सोपं. पोराचा आवाज खणखणीत असेल तर टाळ्या ठरलेल्या. यात जे मला सर्वांत मोठं वाटतं ते मात्र भाषणात फारसं येत नाही. बाजी हे हिरडस मावळातल्या बांदलांचे देशपांडे, म्हणजे दप्तर आणि वसुलीचा हिशेब सांभाळणारं वतन. असा लेखणीचा माणूस खिंडीत तलवार घेऊन उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर बांदलांचे मावळे, ज्यांची नावं आपण कुणी घेत नाही. शिवाय विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होताच. महाराजांना तोही फोडून वर जावं लागलं, म्हणून खिंडीतली वाट पाहणं लांबलं. मुलं हे सगळं गाळून थेट जखमांवर येतात. तिथं आवाज चढवता येतो ना.

माझं मत फिरलं ते तोफांपायी. आमच्या चिरंजीवांच्या आधी तिघांनी बाजीप्रभूच सांगितले. एकाच्या विशाळगडावर तीन बार झाले, दोघांच्या पाच. आमच्याही पाच. भाषण संपल्यावर परीक्षकांनी सहज विचारलं, “बाळा, नक्की किती रे?” पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. आता मला तरी कुठं ठाऊक? लहानपणापासून ऐकत आलोय, तेच त्याला घोकायला लावलेलं. सात रस्ता ते घर, स्कूटरवर मागे बसून तो एक शब्द बोलला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती.

धाकटीच्या वेळी म्हणून कोटणीस घेतले. पाठांतराच्या आधी तिला भैय्या चौकात त्यांच्या घरी नेलं, आता तिथं स्मारक आहे. आपल्याच गावातल्या घरातून निघून एक माणूस जपानविरुद्धच्या चीनच्या लढाईत गेला, हे तिला तिथं उभं राहून जेवढं पटलं तेवढं माझ्या सांगण्यानं पटलं नसतं. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष. चौघे परतले. कोटणीसांना वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी ते राहिले. आघाडीवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्यानं गेले. वय ३२.

अडचणी आहेत, लपवत नाही. चिनी नावांवर जीभ अडखळते. टाळ्यांची जागा सापडत नाही. आणि “हातात शस्त्र नाही, मग युद्धवीर कसे?” हा प्रश्न येतोच, आम्हालाही आला. मुलीनं उत्तर दिलं, “बाजीप्रभूंनी पण दुसरे सुखरूप पोचावेत म्हणूनच जागा सोडली नाही ना?” हे मी शिकवलं नव्हतं. मला त्यावर आणखी एक सुचलं, पण ते घरी आल्यावर: गोष्टीतल्या बाजींना निदान तोफ ऐकू आली, काम फत्ते झाल्याचं कळलं. कोटणीस गेले तेव्हा लढाई संपायला अजून अडीच वर्षांहून जास्त काळ होता.

तुमचं मूल दणदणीत बोलणारं असेल तर बाजीप्रभूच घ्या, मी अडवणार नाही. फक्त तोफांचा आकडा गाळा, “इशारतीची तोफ” एवढंच म्हणू द्या. बाकी मुलांसाठी, मला विचाराल तर, भैय्या चौकात एक चक्कर मारून या. आमच्या मुलाला काहीच मिळालं नव्हतं, मुलीला उत्तेजनार्थ मिळालं. त्यावरून काही ठरवू नका, त्या वर्षी स्पर्धक कमी होते.

कोटणीस घेतलेत तर एक करा. त्यांनी तिकडच्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं होतं, आणि मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं होतं. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा पोर जेमतेम साडेतीन महिन्यांचं. आम्ही हे शेवटी ठेवलं आणि त्याच्या आधीच दुसरी घंटा झाली. तुम्ही पहिल्या घंटेच्या आत घ्या.