परदेशातला लांब मुक्काम आणि गोल्फ: सार्वजनिक कोर्स, छोटा क्लब की नामांकित मैदान?

आठ दिवसांच्या सहलीत दोन नावाजलेले कोर्स गाठले, फोटो काढले, की समाधान होतं. मुक्काम दोन-तीन महिन्यांचा असेल तर प्रश्नच बदलतो. मंगळवारी सकाळी उठून, फारशी आखणी न करता नऊ होल (पूर्ण राउंडच्या निम्मे) कुठे खेळता येतील, हे आधी बघावं लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते: महिन्याहून जास्त राहणार असाल तर घराजवळच्या छोट्या क्लबची चौकशी आधी करा, सार्वजनिक कोर्स हाताशी ठेवा आणि नामांकित मैदान एखाद्या खास दिवसासाठी राखून ठेवा.

सार्वजनिक कोर्स म्हणजे ग्रीन फी (एका राउंडचं शुल्क) भरणाऱ्या कुणालाही खुला, अनेकदा पालिकेचा किंवा सरकारी मालकीचा. इथे सहसा हँडिकॅप (खेळाच्या पातळीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) विचारत नाहीत, कपड्यांचे नियमही सैल असतात. एकटे गेलात तर स्टार्टर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा कर्मचारी, तुम्हाला दोघा-तिघांच्या गटात घालतो. नव्या गावात ओळखी होण्यासाठी हे फार उपयोगी पडतं. अडचण गर्दीची. शनिवार-रविवारी प्रत्येक टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) थांबावं लागतं आणि राउंड पाच तासांच्या पुढे सहज जातो. मात्र ‘सार्वजनिक म्हणजे दुय्यम’ असं समजू नका. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज ब्लॅकवर 2002 साली यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली आणि सॅन डिएगो शहराच्या टोरी पाइन्सवर 2008 आणि 2021 मध्ये. बेथपेजच्या पहिल्या टीजवळ तर फलकच आहे की हा कोर्स अत्यंत अवघड असून फक्त निष्णात खेळाडूंनीच इथे खेळावं. तिथला टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळावा म्हणून लोक रात्रभर गाडीत झोपून रांग धरतात.

आता क्लब. नाव ऐकूनच अनेकजण मागे फिरतात, पण गावाबाहेरच्या लहान क्लबला पाहुणे हवेच असतात. काही ठिकाणी महिन्याचं किंवा हंगामाचं तात्पुरतं सभासदत्व मिळतं, काही ठिकाणी फक्त सोमवार ते शुक्रवारचं. वेबसाइटवर ते दिसलं नाही तरी कार्यालयात जाऊन विचारा. हिशेब सोपा आहे: सभासदत्वाच्या रकमेला एका राउंडच्या ग्रीन फीने भागा. उत्तर बारा आलं आणि तुम्ही आठवड्यातून दोनदा खेळणार असाल, तर सहा आठवड्यांत पैसे वसूल. त्यापुढचा प्रत्येक राउंड मोकळ्या मनाने खेळता येतो. अंधार पडायच्या आत चारच होल खेळून परतलात तरी हळहळ वाटत नाही. दर वेळी पूर्ण ग्रीन फी भरणाऱ्याला ही मोकळीक नसते. माझ्या लेखी क्लबच्या बाजूने हेच सर्वात मोठं कारण आहे. तोच कोर्स पंधरा वेळा खेळलात की वारा फिरला तर सातव्या होलला कोणती काठी (तिलाही क्लबच म्हणतात) काढायची हे कळायला लागतं, आणि खेळ खरा सुधारतो तो तिथे. फक्त स्पर्धेचे दिवस आधी विचारून घ्या. त्या दिवशी सकाळचा कोर्स बहुधा सभासदांसाठी राखलेला असतो.

हँडिकॅपचा मुद्दाही इथेच येतो. 2020 पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाली, त्यामुळे एका देशात मिळालेला हँडिकॅपचा आकडा, म्हणजे इंडेक्स, दुसऱ्या देशातही चालतो. कोर्स बदलला की सवलतीचे स्ट्रोक (फटके) मात्र बदलतात: इंडेक्सला स्लोप रेटिंगने (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड, त्याच्या आकड्याने) गुणायचं, 113 ने भागायचं आणि कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूला लागणाऱ्या फटक्यांमधून) पार (कोर्सचे ठरलेले फटके) वजा करून येणारा फरक त्यात मिळवायचा. तो फरक शून्य धरला तर 18 इंडेक्सच्या खेळाडूला 130 स्लोपच्या कोर्सवर 21 स्ट्रोक मिळतात, 100 च्या कोर्सवर 16. इंडेक्स नसेल तर मान्यताप्राप्त क्लबचे सभासद होऊन एकूण 54 होलची कार्डं द्यावी लागतात. नऊ-नऊ होलचे सहा राउंडही चालतात. लांब मुक्कामात हे सहज जमतं.

नामांकित मैदानावर जायचं तर इंडेक्सचा पुरावा जवळ हवाच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स तो मागतो. तिथे रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि लोक फेअरवेवर फिरायला येतात. टी टाइमसाठीच्या नेहमीच्या सोडतीत नाव घालायला किमान दोन खेळाडू लागतात, एकट्यासाठी वेगळी सोडत असते. मुक्काम लांब असणाऱ्याचा फायदा असा, की आज नंबर लागला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रयत्न करता येतो. त्याच लिंक्सवर (समुद्राकाठच्या गोल्फच्या जमिनीवर) बाल्गोव्ह नावाचा नऊ होलचा छोटा कोर्सही आहे. नवशिक्यांनी तो जरूर खेळावा.

राहिला काठ्यांच्या सेटचा प्रश्न. चार-पाच राउंडच खेळायचे असतील तर भाड्याने घ्या. डावखुरे असाल तर आधी कळवा, कारण तसे सेट थोडेच असतात. वीसेक राउंड खेळायचे असतील तर भाडं परवडत नाही. मग स्वतःचा सेट न्या, नाहीतर तिथे जुना अर्धा सेट विकत घेऊन निघताना विकून टाका. मला हा दुसरा मार्ग आवडतो. सात-आठ क्लब खांद्यावर टाकून चालता येतं आणि विमानतळावर सामानाची कटकट होत नाही. पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) मात्र स्वतःचाच असावा. साधारण 34 इंचांचा असतो, मोठ्या बॅगेत तिरका बसतो का ते मोजून बघा. केबिनमध्ये तो नेऊ देत नाहीत. बूट सोबत नेणार असाल तर स्पाइक घासून स्वच्छ करा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वापरलेले बूट आणि क्लब जाहीर करावे लागतात, आणि माती चिकटलेली दिसली तर ते अडवले जातात.

मुक्काम तीन आठवड्यांपर्यंतचा असेल, किंवा दर पंधरवड्याला गाव बदलणार असाल, तर सभासदत्वाच्या फंदात पडू नका. सार्वजनिक कोर्स आणि भाड्याचा सेट पुरेसा आहे. एकाच गावात दोन महिने असाल तर पहिल्याच आठवड्यात जवळच्या क्लबवर ग्रीन फी भरून एक राउंड खेळा. नंतर थोडा वेळ तिथेच बसा आणि पुढच्या वेळी खेळायला याल का, असं कुणी आपणहून विचारतं का ते बघा. विचारलं, तर तिथलं सभासदत्व घ्या.