डिझेल की हायब्रिड? इंदूरात वापरून ठरवलेलं

माझ्याकडे पाच वर्षं डिझेल होती, गेल्या वर्षीपासून स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली. आईकडे पुण्याला जायचं तर डिझेलसारखी गाडी नाही, हे आधीच कबूल करतो. जवळपास 600 किलोमीटरचा पल्ला, परतताना बिजासन घाटाचा चढ, पाच माणसं आणि सामान. तरी गाडी कमी आरपीएमलाच ओढून न्यायची. हायब्रिडला त्याच चढावर दाबलं की इंजिन एका सुरात ओरडतं आणि वेग मागाहून येतो.

पण महिन्यातले बाकीचे दिवस गाडी लोकमान्यनगर ते पलासिया एवढीच फिरते, मध्ये मुलीची शाळा. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. सिग्नल-सिग्नलच्या फेऱ्यांत ते कधी पुरं होणार? दर दोन-तीन आठवड्यांनी पिवळा दिवा लागायचा. मग रविवारी पोहे तसेच ठेवून, काही काम नसताना हायवेने मानपूरपर्यंत जाऊन यायचं.

एकदा जाणं जमलं नाही. काजळी जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल अर्धवट फेऱ्यांत इंजिन ऑइलमध्ये उतरलं. पट्टी काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास. सर्व्हिस सेंटरमधून उत्तर मिळालं, "साहेब, हायवेवर चालवत जा." त्या दिवशी डिझेल माझ्या मनातून उतरली.

हायब्रिड याच गर्दीत खुलते. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, सिग्नलला इंजिन बंद, रांगेत गाडी बॅटरीवरच पुढे सरकते. म्हणून तिचं ॲव्हरेज हायवेपेक्षा शहरात चांगलं पडतं, डिझेलच्या नेमकं उलट. मला गावात 22 च्या आसपास मिळतं, डिझेल 14 वर अडायची. आपल्याकडे पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांहून जास्त महाग, तरी महिन्याचं बिल कमीच येतं. बॅटरीमुळे डिकी आखडली आहे, दिवाळीच्या सामानाला ते जाणवतं. शिवाय गाडी घेतानाच पैसे जास्त मोजावे लागतात. रनिंग फार कमी असेल तर ते वसूल व्हायला वर्षं जातील.

दर आठवड्याला धुळे-नाशिक करणाऱ्याला मी आजही डिझेलच सुचवेन. बाकीच्यांनी ट्रायल मात्र संध्याकाळी सातला राजवाड्याच्या गर्दीत मागून घ्यावी. शोरूमवाले मोकळ्या बायपासवर नेतात आणि तिथे डिझेलच जिंकते.