सेकंडहँड पेलेट भट्टी: एक पावसाळा काढल्यावर

भट्टी दणकट आहे, वायरिंग भिकार होतं. खानावळीसाठी जुनी ऑटो-फीड पेलेट भट्टी (भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, आपोआप आत सरकवून जाळणारी) बघत असाल तर हे आधी डोक्यात ठेवा.

आमची मेस पुण्यात धायरीत. एका बंद पडलेल्या कॅन्टीनमधून ही उचलली. वर पेलेट भरायचा हॉपर, खाली पेलेट आत ढकलणारा, गिअर मोटरवर फिरणारा स्क्रू, हवेसाठी ब्लोअर, पेटवायला हीटर रॉड, बाजूला कंट्रोल पॅनल. आच झकास, भाताचं मोठं पातेलं गॅसच्या बरोबरीने उतरतं. राख रोज काढायची, बस.

खरा छळ स्क्रूने मांडला. थंड असताना सुरळीत, तापली की बंद, गार झाली की परत सुरू. बघायला आलेल्या मेकॅनिकने पॅनल न उघडताच नव्या कार्डाचा (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) भाव सांगितला. (पुण्यात लिफ्टपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांचं कार्डच जातं.) आमचे वायरमनकाका म्हणाले, "थांबा हो, आधी मोटरपर्यंत सप्लाय येतोय का ते बघू." भट्टी तापलेलीच होती. त्यांनी मोटर सोडवून वायरीच्या टोकांवर मीटर लावला, 228 व्होल्ट! मग त्याच टोकांना 100 वॉटचा बल्ब लावला, तर तो नुसता मिणमिणला. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे जळक्या जोडातूनही व्होल्टेज पूर्ण दिसतं. लोड टाकल्यावरच जोडाची लायकी कळते.

मेन बंद करून वायर मागे मागे तपासत गेलो. जळणाच्या कप्प्याला लागून असलेल्या कनेक्टरमध्ये लग (वायरीच्या टोकाला बसवतात ती धातूची टोपी) काळाठिक्कर पडला होता. वायर जराशी वाकवली तर वरचं पीव्हीसी कडकड तुटून हातात आलं आणि आतली तांब्याची तार काळपट, ठिसूळ. साधं पीव्हीसी 70 अंशांसाठी असतं, ते तिथे टिकणार कसं? तापकीर गल्लीतून 180 अंशांची सिलिकॉन वायर, पोर्सिलेनचे कनेक्टर आणि लग आणले. कार्ड जुनंच आहे, व्यवस्थित चालतंय.

जूनमध्ये नवीन नाटक. सकाळी पेटवायला गेलं की आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप. हीटर रॉडच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती ओल धरते आणि बॉडीला लीकेज येतं. 30 मिलिअँपिअरला आरसीसीबी पडणारच, ते त्याचं कामच आहे. तो बायपास करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. रॉड काढून मंद आचेवर वाळवला, 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) रीडिंग एक मेगओहमच्या बरंच वर आलं, मगच परत बसवला. पेलेटची पोतीही फरशीवर ठेवू नका. ओल लागली की पेलेट फुगतात, स्क्रू अडकतो आणि मोटर तापते.

आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, तेव्हा ब्लोअर थांबतो आणि आग स्क्रूच्या नळीतून हॉपरकडे सरकू शकते. धूर घरभर, ते वेगळंच. म्हणून ब्लोअर इन्व्हर्टरवर घेतला, म्हणजे आत असलेलं जळण जळून जातं. इन्व्हर्टर साइनवेव्हचाच घ्या. स्क्वेअरवेव्हवर आमचा ब्लोअर घुंई घुंई करत तापायचा.

घ्यायला जाल तेव्हा निदान तासभर पेटवून बघा आणि पॅनल उघडून मागा. अर्थिंगची वायर बॉडीला खरंच जोडलेली आहे का तेही बघा, आमच्या भट्टीत ती नुसती लोंबत होती.

ब्लोअरचं बेअरिंग अजून कुरकुरतंय. दिवाळीत पोरं गावी गेली की बदलून घेऊ.