लवकरची लोकल की २५ मिनिटांचा टायमर?

ऑफिसात सलग काम व्हावं म्हणून पहिला उपाय सगळे सांगतात: लवकर पोहोचा. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आठला खुर्चीत बसलात, तर तासभर कुणी हाक मारत नाही. पण विरार-डोंबिवलीकरांना त्यासाठी पहाटेच उठावं लागतं. शिवाय तुम्ही लवकर येता हे कळलं, की साहेब मीटिंगच आठला लावतात!

दुसरा उपाय पोमोदोरोचा. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस काढलेली ही पद्धत: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. खरी गंमत अडथळ्याच्या नियमात आहे. कुणी “एक मिनिट हं” म्हणत आलं, की “पावणेबाराला येतो तुझ्याकडे” म्हणायचं, कागदावर टिपायचं आणि खरंच जायचं. नाही गेलात, तर पुढच्या वेळी कोण थांबेल? साहेबांनी उठवलंच, तर कुठे थांबलो आणि पुढे काय करायचं, ते खरडून उठावं. सोफी लेरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांच्या २०१८च्या अभ्यासात अशा नोंदीमुळे मध्येच आलेल्या कामात लक्ष देणं सोपं गेलेलं दिसलं.

माझं मत टायमरला. माहीम-सायनला, म्हणजे जवळच राहत असाल, तर लवकर जाऊन बघा. हेल्पडेस्कवर बसणाऱ्यांना मात्र दोन्ही उपाय कुचकामी; त्यांचं कामच हाकेला ओ देण्याचं.